राखेचे रिंगण

ती वस्तू प्रथम हातात घेतली तेव्हा ती कशाची असावी, याचा मला काही केल्या उलगडा होईना. पातळ पोलादी पत्रा डाव्या पावलाच्या घडणीबरहुकूम वळवून केलेला तो एक अर्धा चढाव होता. चवड्याच्या अंगाने बंद, टाचेकडे उघडा, चामड्याचा पट्टा ओवण्यासाठी बाजूंना दोन कड्या, आणि तळ घासून घासून इतका गुळगुळीत झालेला की त्यावरून बोट आपोआप घसरत जावे. मँचेस्टर शहराच्या पूर्वभागी गॉर्टन नावाची जी कामकऱ्यांची जुनी वस्ती आहे तेथे माझी लेक व जावई राहतात. पुण्यातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर काही उन्हाळे मी त्यांच्याकडे काढले, आणि अशाच एका मुक्कामात शेजारच्या वृद्ध बाईंनी परसातील कुंपणावरून हा पोलादी चढाव माझ्या हाती दिला. वडिलांच्या हयातीत तो अवजारांच्या खोपटात खुंटीला टांगलेला असे आणि त्यात बारीक चुका ठेवलेल्या असत. त्यामुळे लहानपणापासून त्यांची समजूत अशी की, हे चुका ठेवण्याचेच भांडे.

त्यांचे वडील एका यंत्रशाळेत फिटर होते. तीस वर्षे त्यांनी इमानेइतबारे चाकरी केली, सुटीचा दिवस भाजीच्या वाफ्यांत घालवला, आणि स्वतःविषयी फारसे कधी कोणाशी बोलले नाहीत. ते वारल्यावर त्यांच्या अंत्यविधीस आलेल्या एका अनोळखी वृद्धाने या बाईंना विचारले की, ‘तुझा बाप बेल व्ह्यूच्या राखेवर मोटारसायकल पिटाळीत असे, हे तुला ठाऊक आहे ना?’ ठाऊक नव्हते. घरात मोटारसायकलीचे नावही निघत नसे, कारण आईला त्या यंत्राचा तिटकारा होता असे बाईंना आठवत होते. खोपट आवरताना चढावाच्या जोडीला तीन छापील कार्यक्रमपत्रिका सापडल्या, आणि ‘बाबांचा सगळा जन्म जुने कागद वाचण्यात गेला आहे’ असे माझ्या लेकीने केव्हातरी सांगितलेले त्यांच्या लक्षात होते, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. माझे आयुष्य मोडी रुमालांत गेलेले. यंत्रांच्या शर्यतींशी माझा संबंध तो काय? परंतु इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून, माळ्यांवरची आणि कोनाड्यांतली दफ्तरे धुंडाळून साधने जमवीत राहिले, त्यांच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला कोणी घरातला जुना कागद आणून दाखवला तर त्याने नाही म्हणणे शोभत नाही. मी तो कागद घेतला, आणि पुढचे दोन उन्हाळे आम्ही दोघांनी त्या शोधात घालवले. त्या निमित्ताने जो एक विलक्षण कालखंड माझ्या दृष्टीस पडला, त्याचा वृत्तांत येथे देण्याचे योजिले आहे.

प्रथम स्पीडवे हा खेळ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे तो रुजला नाही. जत्रेत लाकडी विहिरीच्या भिंतीवर फिरणारी मोटारसायकल आपण सर्वांनी पाहिली आहे. पण ती कसरत झाली, आणि स्पीडवे ही शर्यत आहे. तीनशे ते चारशे यार्ड घेराचे लंबवर्तुळ, त्यावर जळक्या कोळशाची भरड राख किंवा विटकरी रंगाची दगडी भुकटी पसरलेली. त्यावर चार स्वार, चार फेऱ्या, दिशा नेहमी डावीकडे वळणारी. पहिल्यास तीन गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक आणि चौथ्यास काहीच नाही. सारे मिनिटभरात आटोपते. यंत्र पाचशे घन सेंटिमीटरचे, एकाच सिलिंडरचे, मद्यार्कावर चालणारे. त्यास गियर एकच, आणि ब्रेक मुळीच नाही. वळण आले की स्वार वेग कमी करण्याऐवजी मागच्या चाकाला मुद्दाम घसरू देतो, पुढचे चाक उजवीकडे वळवतो आणि गाडी मात्र डावीकडे जाते. डावा पाय जमिनीवर टेकून तो साऱ्या देहाचा तोल सांभाळतो. तो पाय राखेवरून सतत घासत जातो, म्हणून बुटावर पोलादी चढाव चढवावा लागतो. बाईंच्या वडिलांनी चुका ज्यात ठेवल्या त्याचा तळ आरशासारखा का झाला होता, ते मला त्या दिवशी कळले. वारीतील रिंगणात माउलींचा अश्व धावताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वर्तुळातील वेगाची ओढ मनाला कशी लागते हे वेगळे सांगावयास नको. फरक एवढाच की, तेथे अश्वाच्या टापांखालची माती कपाळी लावतात, आणि येथे मागच्या चाकाने उडवलेली राख कठड्याशी उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या तोंडावर येते. ती राख घरी घेऊन जाण्यातही त्या लोकांना भूषण वाटत असे.

या खेळाचा जन्म कोठे झाला याविषयी वाद आहे. अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात मातीच्या पट्ट्यांवर मोटारसायकली त्याआधीही धावल्या होत्या. तथापि १५ डिसेंबर १९२३ रोजी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात, वेस्ट मेटलंड येथील कृषिप्रदर्शनाच्या मैदानात विजेच्या दिव्यांखाली जो मेळा भरला, त्यापासून या खेळाची अखंड परंपरा मोजण्याचा प्रघात आहे. त्या प्रदर्शनसंस्थेचा चिटणीस जॉनी हॉस्किन्स हा मूळचा न्यूझीलंडचा. मेळ्याची वसुली वाढावी म्हणून घोडे आणि गुरे मिरवण्याच्या मैदानात मोटारसायकली सोडण्याची कल्पना त्याने अमलात आणली, आणि पुढची साठ वर्षे तो या खेळाचा फड उभा करीत, मोडीत आणि पुन्हा उभा करीत राहिला.

ऑस्ट्रेलियातून हे वारे इंग्लंडात आले. लंडनच्या ईशान्येस एपिंगच्या अरण्यात हाय बीच नावाच्या ठिकाणी, ‘किंग्ज ओक’ या मद्यगृहामागच्या एका जुन्या धावमार्गावर, १९ फेब्रुवारी १९२८ रोजी इलफर्डच्या मोटारसायकल मंडळाने शर्यती ठेवल्या. दोन-तीन हजार लोक येतील अशी मंडळाची अटकळ होती. प्रत्यक्षात इतका समुदाय लोटला की त्याचा अंदाज तीस हजारांपर्यंत केला जातो; लोक झाडांवर चढले, धावमार्गाच्या आत शिरले, दोन शर्यतींच्या मधल्या वेळेत मार्ग ओलांडू लागले. ऑस्ट्रेलियाहून आलेले बिली गॅलोवे आणि कीथ मॅके यांनी त्या दिवशी घसरत वळण घेण्याची आपल्याकडील रीत इंग्रज प्रेक्षकांना दाखवली. त्याच वसंतात ऑस्ट्रेलियन स्वारांची मोठी तुकडी बोटीने इंग्लंडात उतरली आणि उन्हाळा संपेतो शहराशहरांत राखेची वर्तुळे तयार झाली.

एवढ्या वेगाने हे का घडले, याचे उत्तर मला गॉर्टनमध्येच मिळाले. बेल व्ह्यू हे १८३६ साली जॉन जेनिसन याने काढलेले प्राणिसंग्रहालय व उद्यान. गिरणीतला आणि लोहशाळेतला कामकरी शनिवारी अर्धा दिवस सुटला की बायकामुलांसह तेथे जात असे. याच बेल व्ह्यूत १९२६ च्या जुलैत ब्रिटनमधील पहिली शिकारी कुत्र्यांची शर्यतशाळा उघडली होती. म्हणजे लंबवर्तुळाकार मैदान, प्रेक्षकांचे ओटे, विजेचे प्रखर दिवे आणि संध्याकाळी तिकीट काढून आत शिरण्याची लोकांची सवय, हे सर्व तयार होते. उणीव होती ती फक्त यंत्रांच्या गर्जनेची. १९२८ च्या जुलैत कुत्र्यांच्या त्या मैदानावर मोटारसायकली धावल्या, आणि २३ मार्च १९२९ रोजी जवळच हाइड रोडवर या खेळाचे खास मैदान खुले झाले. चारशे यार्डांहून किंचित मोठे ते वर्तुळ पुढे अठ्ठावन्न वर्षे नांदले. बाईंचे आजोळ तेथून हाकेच्या अंतरावर होते.

पहिल्या काही वर्षांची कागदपत्रे चाळताना जी अडचण सर्वप्रथम आडवी येते ती नावांची. फडात उतरणारा प्रत्येक स्वार एखादे टोपणनाव घेऊनच उतरे. इंग्लंडच्या संघाचा नायक हॅरल्ड स्टीव्हन्सन हा साऱ्या जगाला ‘टायगर’ होता. अमेरिकन लॉइड एल्डर हा ‘स्प्राउट्स’, आणि ऑस्ट्रेलियन बिली लॅमाँट हा ‘सायक्लोन’. आपल्या कुस्तीच्या फडातही पैलवान गावाच्या नाहीतर वस्तादाच्या नावाने ओळखला जातो, पण निदान त्याचे मूळ नाव गावाला ठाऊक असते. येथे घरच्यांना न सांगता राखेवर उतरलेले कित्येक तरुण होते, आणि त्यांची मुले आज जन्मनोंदीतले नाव घेऊन जुन्या पत्रिका शोधतात तेव्हा तेथे वाघ आणि वादळे मात्र भेटतात.

वडिलांऐवजी आईचा माग काढू पाहणाऱ्या लेकराची वाट याहून बिकट. आरंभीच्या दोन-तीन वर्षांत स्त्रियाही या राखेवर धावत होत्या, आणि नुसत्या शोभेसाठी नव्हे. आयर्लंडची फे टेलर १९२८ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे सरावात शिरली, त्याच वर्षाअखेर ऑस्ट्रेलियास गेली, आणि पर्थ येथे तेथील नामांकित पुरुष स्वारास तिने हरवले. यॉर्कशरची ईव्हा अ‍ॅस्क्विथ ही तिच्याच तोडीची. परंतु १९३० साली ब्रिटनमधील नियंत्रकांनी स्त्रियांना या शर्यतींतून बंदी केली, आणि एका हुकमासरशी त्या साऱ्याजणी पत्रिकांतून नाहीशा झाल्या. त्यांपैकी ज्या पुढे संसाराला लागल्या त्यांनी माळ्यावर काय ठेवले असेल, कोणत्या खोपटात कोणता चढाव अजून टांगलेला असेल, या विचाराने मी त्या दिवसांत पुष्कळदा अस्वस्थ होत असे. पुरुषाला राखेवरून उतरवले ते अपघाताने वा वयाने. या बायकांना उतरवले ते फर्मानाने, आणि त्याची रुखरुख वाचणाऱ्यालाही लागते.

यंत्राचाही एक इतिहास आहे. आरंभी डग्लस कंपनीच्या लांबट, बुटक्या गाड्यांचा अंमल होता. त्यांवरील स्वार डावा पाय मागे फरफटत नेई आणि लांबलचक, देखणी घसर घेई. पाहणाऱ्याचे डोळे दिपत. १९३० च्या सुमारास लंडनच्या जे. ए. प्रेस्टविच यांच्या कारखान्यातून या खेळासाठीच घडवलेले एंजिन बाहेर पडले, ज्याला सारे जण ‘जॅप’ म्हणत, आणि त्याने तीसएक वर्षे या खेळावर जवळजवळ निर्वेध राज्य केले. जॅपबरोबर बैठक बदलली: पाय पुढे, देह हँडलवर झुकलेला, घसर आखूड व चपळ. पाय मागे ओढण्याची जुनी ढब वापरणारे मोजकेच उरले. आमच्या पोलादी चढावाची झीज चवड्याखाली अधिक आणि टाचेकडे कमी होती. एका जुन्या यंत्रकारागिराने तो उलटसुलट करून पाहिला आणि हा स्वार पाय पुढे ठेवणारा, जॅपच्या जमान्यातला, असे निःशंकपणे सांगितले. अक्षराच्या वळणावरून लेखकाचा काळ ठरवणारे आम्ही, लोखंडाच्या झिजेवरून स्वाराचा काळ ठरवणाऱ्या त्या माणसापुढे मी मनोमन हात जोडले.

जॅपच्या मागून चेकोस्लोव्हाकियाची एसो गाडी आली. ती कंपनी १९६४ साली जावात विलीन झाली, आणि तेव्हापासून जावाचे नाव राखेवर दुमदुमले. म्हैसूरच्या कारखान्यात इराणी मंडळींनी १९६० च्या दशकाच्या आरंभी जी जावा बांधण्यास सुरुवात केली, जी पुढे येझ्दी झाली आणि जिच्यावरून माझ्या पिढीच्या कित्येकांनी लक्ष्मी रस्ता पालथा घातला, तिचे हे दूरचे नाते मला मँचेस्टरला जाईपर्यंत माहीत नव्हते. दुसरे नाते याहून जवळचे निघाले. या एंजिनांत वंगण म्हणून एरंडेल घालतात, आणि ते एंजिनातून फिरून परत न येता जळून, गळून बाहेर पडते. जुन्या प्रेक्षकांना विचारा, ते प्रथम शर्यतीविषयी बोलणार नाहीत, त्या वासाविषयी बोलतील. त्या जमान्यात एरंडीच्या बियांचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून होत असे आणि मुंबई बंदरातून त्यांची निर्यात चाले. बाईंनी एकदा मला गॉर्टनच्या नव्या मैदानावर नेले. पहिल्या शर्यतीचा धूर ओट्यांवर आला, आणि दर महिन्याला पितळी चमच्यातून एरंडेल पाजणारी माझी आई मला इतक्या वर्षांनी इतक्या दूर आठवली.

१९२९ पासून संघांच्या साखळी स्पर्धा सुरू झाल्या, १९३० पासून इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी सामने खेळले जाऊ लागले, आणि १९३३ च्या सुमारास आरंभरेषेवर फितींचे वर उडणारे दार आले. बेल व्ह्यूच्या संघाने १९३३ ते १९३६ अशी सलग चार वर्षे राष्ट्रीय साखळी जिंकली. लाल पोशाखातला फ्रँक व्हेअरी, शांत डोक्याचा एरिक लँग्टन, ऑस्ट्रेलियन मॅक्स ग्रॉसक्रॉइट्स, बिल किचन ही नावे गॉर्टनच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. मंदीचा तो काळ. गिरण्या बंद, हाताला काम नाही. अशा दिवसांत गल्लीतलाच एखादा पोरगा चामड्याचा पोशाख चढवून दिव्यांच्या झोतात उभा राहतो, प्रत्येक आरंभाची बिदागी निराळी आणि प्रत्येक गुणाची निराळी घेतो, हे दृश्य त्या ओट्यांवरच्या माणसांना काय वाटत असेल, याची कल्पना आपल्या सुताच्या गिरण्यांचा संप आणि टाळेबंदी पाहिलेल्या वाचकांना सहज येईल.

१० सप्टेंबर १९३६ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर पहिली जागतिक अजिंक्यपदाची अंतिम फेरी झाली. त्या रात्री ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन आपल्या पाचही शर्यती जिंकला, आणि तरीही तिसरा ठरला; कारण आधीच्या फेऱ्यांतून मिळालेले अधिक गुण बेरजेत धरण्याचा नियम होता. बरोबरीत राहिलेल्या लायनेल व्हॅन प्राग आणि एरिक लँग्टन यांच्यात निर्णायक शर्यत झाली आणि व्हॅन प्राग पहिला जगज्जेता झाला. दोन वर्षांनी विल्किन्सनला ते पद मिळाले. त्यानंतर दोन वर्षांतच तो सिडनीत रस्त्यावरील अपघातात गेला. १९३९ ची अंतिम फेरी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हावयाची होती. ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झाले आणि ती कायमची राहिली. व्हॅन प्राग ऑस्ट्रेलियन हवाई दलात गेला. १९४२ च्या जानेवारीत त्याचे विमान सुम्बा बेटाजवळ समुद्रात पाडले गेले, आणि जखमी सोबत्यांना पाण्यावर धरून ठेवून वाचवल्याबद्दल त्याला जॉर्ज पदक मिळाले. इंग्लंडातली मैदाने अंधारात गेली. हाइड रोडवर मात्र युद्धाच्या प्रत्येक वर्षी दिवसाउजेडी शर्यती भरल्या.

युद्ध संपले आणि सैन्यातून सुटलेली तरुण पिढी राखेकडे धावली. लष्करात मोटारसायकलीवरून निरोप पोचवणारे कितीतरी जवान त्यांत होते. बाईंचे वडील त्यांपैकीच एक, ही गोष्ट त्यांच्या लष्करी पुस्तिकेवरून सिद्ध झाली. बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या घरांच्या मोकळ्या जागांत लहान मुले साध्या सायकलींवर हाच खेळ खेळू लागली. १९४६ च्या मोसमात या खेळास पासष्ट लाखांच्या आसपास प्रेक्षक लाभले असे नमूद आहे. १९४९ साली वेम्ब्लीवर जगज्जेतेपद पुन्हा सुरू झाले आणि नव्वद हजारांच्या आसपास लोकांसमोर टॉमी प्राइस पाचही शर्यती जिंकून पहिला इंग्रज जगज्जेता ठरला.

परंतु या लखलखाटात आमच्या फिटरचा मागमूस कोठे लागेना. मँचेस्टरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे ते प्रसिद्ध वर्तुळाकार वाचनगृह आहे. तेथे बसून आम्ही सायंदैनिकांची पाने आणि खेळाची जुनी साप्ताहिके उलगडली. ऑस्ट्रेलियन स्वारांची मुले या बाबतीत भाग्यवान, कारण त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रे शोधण्यास सर्वांना खुली करून दिली आहेत. वृत्तपत्रे संघाच्या सामन्याची गुणपत्रिका छापतात. पण चौदा फेऱ्यांचा तो सामना आटोपल्यावर कार्यक्रमाचा जो उत्तरार्ध असे, ज्यात नवशिक्या पोरांना एक-दोन शर्यती मिळत, त्यातल्या फक्त विजेत्याचे नाव कधीमधी शेवटच्या ओळीत येई. वडील त्या उत्तरार्धातले स्वार होते. गाडी स्वतःची, तेल स्वतःचे, आठवडाभर यंत्रशाळेत काम आणि शनिवारी चार फेऱ्यांची संधी. ज्यांच्यावर हा सारा डोलारा उभा होता, ते असे शेकडो तरुण कोणत्याही दफ्तरात रुजू नाहीत.

ते रुजू आहेत ते प्रेक्षकांच्या पेन्सिलीत. या खेळाच्या पत्रिकेत प्रत्येक शर्यतीपुढे रिकामे चौकोन छापलेले असतात, आणि ओट्यावरचा प्रेक्षक शर्यत संपताच आपल्या हाताने क्रमांक भरतो, वेळ लिहितो; कोणी पडला तर त्याचे एक चिन्ह, एंजिन बंद पडले तर दुसरे, बाद झाला तर तिसरे. हजारो माणसे दर आठवड्याला, कोणाच्या सांगण्यावाचून, आपापल्या गुडघ्यावर हा रोजनामा लिहीत होती. पेशवे दफ्तरातल्या कारकुनाला त्याचा मेहनताना मिळे. या कारकुनांनी तर सहा पेन्स देऊन कागद विकत घेतला होता. त्या तीन पत्रिका मी भिंगाखाली धरल्या तेव्हा उत्तरार्धाच्या पानांवर वडिलांचे आडनाव होते, आणि त्यापुढे पेन्सिलीचे आकडे होते. १९४९ च्या उन्हाळ्यातील पहिल्या पत्रिकेत चौथा. दुसरीत, त्याच वर्षाच्या शरदात, दुसरा. १९५० च्या तिसरीत क्रमांक नव्हता; पडल्याचे चिन्ह होते, आणि ते इतके दाबून काढलेले की कागदाला भोक पडले होते. डाव्या मनगटात वडिलांना जन्मभर कमीपणा होता; फिरकी घट्ट करताना ते उजवा हात वापरीत, हे बाईंना तेव्हा आठवले. त्या वर्षानंतर त्यांचे नाव कोणत्याही पत्रिकेत नाही. त्याच १९५० च्या १ जुलैला बेल व्ह्यूच्या जुन्या पिढीतला जो अ‍ॅबट ब्रॅडफर्डच्या ऑडसल मैदानावर शर्यतीत मरण पावला होता. १९५१ साली वडिलांचे लग्न झाले.

पुढचा इतिहास मी थोडक्यात आटोपतो, कारण तो उताराचा आहे. करमणूक कराने तिकिटाच्या पैशांचा जवळजवळ निम्मा वाटा खाल्ला. घरोघर टेलिव्हिजन आला. १९५६-५७ च्या सुवेझ प्रकरणात पेट्रोल मोजून मिळू लागले. १९५७ साली वेम्ब्लीच्या सर आर्थर एल्व्हिन यांच्या निधनानंतर तेथला संघही मोडला. बेल व्ह्यू टिकले. बुटक्या बांध्याचा, अद्भुत तोलाचा पीटर क्रेव्हन तेथूनच १९५५ व १९६२ साली जगज्जेता झाला, आणि १९६३ च्या सप्टेंबरात एडिंबरो येथे समोर पडलेल्या स्वाराला चुकवण्याच्या प्रयत्नात आपला प्राण गमावून बसला. हाइड रोडचे मैदान १९८७ साली विकले गेले आणि तेथे मोटारींचा लिलाव मांडला जाऊ लागला; जवळच २०१६ साली नवे राष्ट्रीय मैदान उभे राहिले, ज्याच्या ओट्यावर मला एरंडेलाचा वास आला.

त्याच मैदानावर त्या संध्याकाळी जुन्या पत्रिका विकणारे एक गृहस्थ टेबल मांडून बसले होते. खोक्यांतून वर्षवार लावलेल्या पत्रिका बाईंनी चिकाटीने चाळल्या आणि १९४९ च्या शरदातली नेमकी तीच पत्रिका, दुसऱ्या कोणा प्रेक्षकाने भरलेली, त्यांना सापडली. घरी आल्यावर स्वयंपाकघरातील मेजावर आम्ही दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. सामन्याचे सारे आकडे ताडून जुळले. वडिलांच्या शर्यतीत मात्र नव्या प्रतीत त्यांचा क्रमांक तिसरा होता, आणि त्यांच्या स्वतःच्या प्रतीत दुसरा.

दोन साधनांत विरोध आला की लेखकाची ओळख पटवावी, ही आमच्या धंद्यातली पहिली रीत. विकत घेतलेली प्रत कोणा टापटिपीच्या माणसाची होती. प्रत्येक शर्यतीची वेळ सेकंदाच्या पाचव्या हिश्शापर्यंत लिहिलेली. खोपटातल्या तिन्ही प्रतींत मात्र वेळा नव्हत्याच, आणि दोनच्या आकड्याची शेपटी खाली एक लहानशी गाठ मारून पुढे जात होती. मी ती गाठ बाईंना दाखवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, मग उठून फडताळातून दूधवाल्याच्या हिशेबाची एक जुनी वही घेऊन आल्या. पानापानावर दोन पाइंट, दोन पाइंट. प्रत्येक दोनाला तीच गाठ. ती वही त्यांच्या आईची होती.

‘म्हणजे आई तिथे होती,’ त्या म्हणाल्या. ‘तिन्ही वेळा.’

मग त्यांनी तिसरी पत्रिका उघडली आणि ज्या जागी कागदाला भोक पडले होते तेथे आपले बोट ठेवले. मी माझ्या वहीत दोन्ही नोंदी उतरवून घेतल्या: एका प्रतीनुसार तिसरा, दुसरीनुसार दुसरा.